मामूंची सात मिनिटं

मामूंना गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं तोंडपाठ होती. ती त्यांनीच शूट केलेली. बाजारात कोणी समोर आलं की आधी त्याच्या लग्नातलं काहीतरी निघायचं, ख्यालीखुशाली नंतर. "तुमचे सासरे मांडवातून रुसून गेल्ते, आठवतं का? कशी हाय आता तब्येत त्यांची?" समोरचा माणूस लाजायचा, हसायचा आणि पाच मिनिटं तिथेच उभा राहायचा. आमच्या नगराध्यक्षांना तर त्यांनी भर कार्यालयात सांगितलं होतं, "घोड्यावरून उतरताना तुम्ही आडवे झाल्ता. मी तेवढं कापून टाकलं बरं का. कॅसेटमधी न्हाई ते."

मी मूळची जालना जिल्ह्यातल्या आष्टीची. नवरा, मुलगी, सासूबाई सगळे तिकडेच. मला नोकरी लागली ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जाफराबादच्या बाजूच्या एका छोट्या नगरपंचायतीत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण अजून तिथेच नोकरी करते. खोली भाड्याने घेऊन राहते आणि शनिवारी एसटीने घरी जाते. कार्यालयात माझ्याकडे दोन कामं. खिडकीवर बसून जन्ममृत्यूचे दाखले द्यायचे आणि महिन्याच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं. मामू मला म्हणायचे, "या हापिसात तुमचं एकटीचंच लग्न माझ्याकडं न्हाई, ताई. त्याच्यामुळं तुम्ही मला पाहुण्यासारख्या वाटता."

साठी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. वर्षानुवर्षं कॅमेरा पेलून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. बागवान गल्लीत त्यांचं घर आणि पुढच्या खोलीत स्टुडिओ. लग्नात ड्रोन उडायला लागले तसं मामूंना बोलावणं कमी झालं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. "आता लोकांना वरून दिसायचं असतं," एवढंच म्हणायचे.

सभेचं शूटिंग सुरू झालं ते पाण्यावरून. त्यांच्या गल्लीला बारा दिवसांआड पाणी यायचं, ते पंधरा दिवसांवर गेलं. मामू अर्ज घेऊन खिडकीवर आले. मी सांगितलं, सभेत तसं ठरलंय.

"कोण ठरवलं?"

"सगळ्यांनी, मामू. सर्वानुमते."

"आमच्या गल्लीचा मेंबर काय बोलला?"

मला आठवेना. म्हटलं, अर्ज करा, इतिवृत्ताची नक्कल देते. मामूंनी मान हलवली. "वाचून काय कळतं, ताई? कोण बोललं, कोण गप बसलं, कोण खाली बघून राह्यलं, ते दिसाया पाहिजे ना."

सभा लोकांना बघता येते, हे त्यांनी कुठून तरी वाचून काढलं होतं. पुढच्या महिन्यात रीतसर अर्ज घेऊन ते थेट नगराध्यक्षांकडे गेले. नगराध्यक्ष हसले. ज्याने आपल्याला घोड्यावरून पडताना झाकलं, त्याची कसली भीती? "या की मामू. आमची पण शूटिंग होऊ द्या." आणि पहिल्या सभेला मामू लग्नातला जुना स्टँड घेऊन आले. त्यावर मोबाइल बसवला, मोबाइलवरच्या आपल्या पानावर सभा थेट दिसेल असं केलं, मागच्या बाकाशेजारी उभे राहिले, दिवस आणि तारीख मोठ्याने सांगितली, "सभा चालू झाली" म्हणाले आणि गप्प झाले. सभा संपल्यावर "सभा संपली" एवढंच. मधल्या अडीच तासांत एक अक्षर नाही.

त्यांची ही रीत शेवटपर्यंत राहिली. लोक म्हणायचे, मामू, जरा समजावून सांगत जा, कोण खोटं बोलतोय ते सांगत जा, म्हणजे बघणारे वाढतील. मामू ऐकायचे नाहीत. "मी बोललो की ते माझं होतं. न बोलता दाखवलं की ते त्यांचं राह्यतं." आणि ते कधी काही कापायचे नाहीत. सदस्य अर्धा तास चहाची वाट बघत बसले तर तो अर्धा तासही गावाला दिसायचा. मी एकदा म्हटलं, एवढं रिकामं कोण बघणार? मामू म्हणाले, "लग्नात मी लई कापाकापी केली, ताई. रडणारे कापले, भांडणारे कापले. ते लोकांच्या घरचं होतं. हे न्हाई."

सुरुवातीला सगळ्यांनाच मजा वाटली. सदस्य इस्त्रीचे कपडे घालून येऊ लागले. जे वर्षभर तोंड उघडत नव्हते, तेही "माझी सूचना आहे की" म्हणून उभे राहायचे आणि सूचना न करताच खाली बसायचे. मोबाइलच्या कोपऱ्यात किती जण बघताहेत तो आकडा दिसतो. जाताना मामू माझ्या टेबलाजवळ थांबून हळूच तो सांगायचे. "आज चौदा." "आज नऊ. बाजार होता ना." त्यात पुण्याला कंपनीत असलेली गावातली पोरं असायची आणि मामूंची मुलगी नसीम, भोकरदनला दिलेली. ती एकही सभा चुकवायची नाही.

या कॅमेऱ्याने एक खरी गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. माळी गल्लीच्या सदस्य कांताबाई. निवडून त्या आल्या, पण सभेत त्यांच्या शेजारी त्यांचे पती बसायचे आणि तेच बोलायचे. सगळे त्यांनाच 'मेंबर' म्हणायचे. कांताबाई फक्त सही करायच्या. आता हे सगळं बाहेर दिसू लागल्यावर मुख्याधिकारी साहेबांना अडचण वाटायला लागली आणि त्यांनी पतीराजांना नम्रपणे मागच्या बाकावर पाठवलं. दोन सभा कांताबाई काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. गावाला नवी टाकी मंजूर झाली होती, ती कुठे बांधायची हे ठरत नव्हतं. कांताबाई उभ्या राहिल्या. पदर सावरला, टेबल घट्ट धरलं.

"आमच्या आन् बागवान गल्लीच्या मधी मोकळी जागा हाय, तिथं बांधा. ती उंचावर हाय, पाणी आपोआप उतरंन. आम्ही बाया पंधरा पंधरा दिवस पाणी साठवून राह्यलो. त्याच्यात आळ्या होतात. लेकरं तेच पितात. दुसरीकडं कुठं बांधाल तर मंग आमच्याकडं कधीच येणार न्हाई."

एवढं बोलून त्या मटकन खाली बसल्या. विरोध करायला कोणाची जीभ उचलली नाही, कारण मोबाइल सुरू होता. ठराव मंजूर झाला. त्या दिवशी दोन्ही गल्ल्यांतल्या बायका एकेका फोनभोवती घोळका करून बसल्या होत्या म्हणे. मामू जाताना थांबले. "ताई, एकसष्ट! बिनजेवणाचे एकसष्ट लोक बसले!"

तो ठराव मी त्याच संध्याकाळी लिहून काढला. एरवी इतिवृत्त चार दिवस माझ्या कपाटात पडून असायचं.

पुढची सभा उन्हाळ्यात आली. सकाळपासून वीज नव्हती, पंखे बंद, सभागृहाचे पत्रे तापलेले. सभा सुरू होऊन तासभर झाला असेल, मामूंचा मोबाइल तापून आपोआप बंद पडला. मामू कावरेबावरे झाले. खिशातला रुमाल माठातल्या पाण्यात भिजवून आणला, मोबाइलला गुंडाळला, वहीने वारा घालू लागले. नगराध्यक्षच म्हणाले, "थांबा, मामूंचं होऊ द्या. तवर चहा सांगा." चहा आला. कोणाच्या बागेतला केसर आंबा यंदा लवकर उतरला यावर बोलणं चाललं होतं. कांताबाई बशीत चहा ओतून फुंकत होत्या. मी सवयीने घड्याळ बघून कच्च्या कागदावर वेळ टिपली. सात मिनिटं. मोबाइल सुरू झाला, मामूंनी हात वर केला, नगराध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

त्या सात मिनिटांत एवढंच झालं. आम्ही चहा प्यायलो.

चार दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि पेन्सिलने लिहिलेला एक कागद पुढे सरकवला. ऐनवेळचा विषय: टाकीच्या जागेत बदल. गल्ल्यांमधली मोकळी जागा रद्द, टाकी आता बायपासच्या पलीकडच्या नव्या प्लॉटिंगमध्ये. सर्वानुमते मंजूर. ते प्लॉटिंग कोणाचं, हे गावात कोणाला विचारायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "साहेब, हा विषय झाला नाही."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "म्याडम, मधे चहा झाला ना? तुम्ही चहा घेत होतात. तुमचं लक्ष नसेल." मग फाइल चाळता चाळता म्हणाले, "तुमचा बदलीचा अर्ज आहे माझ्याकडे. आष्टीच्या बाजूला मागितली आहे ना? मुलगी कितवीला आहे?"

मुलगी तेव्हा नववीला होती. मी जागेवर आले, इतिवृत्ताचं पुस्तक उघडलं आणि लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या पानावरही चांगलंच आलं.

बातमी बाहेर पडली तेव्हा बागवान गल्लीत कोणी विश्वास ठेवेना. मामूंनी सगळ्यांना सभेचा व्हिडिओ दाखवला. पहा, कुठे आहे हा विषय? मग त्यांनी आणि कांताबाईंनी मिळून वर तक्रार केली. सुनावणी लागली जिल्ह्याच्या ठिकाणी. एका बाजूला नगराध्यक्ष, मुख्याधिकारी साहेब आणि इतिवृत्ताचं पुस्तक मांडीवर घेतलेली मी. दुसऱ्या बाजूला मामू, एकटेच. ऐनवेळी कांताबाईंना घरून सोडलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी व्हिडिओ बारकाईने पाहिला, हे मान्य करायला हवं. मधे तुटलेली जागा त्यांना लगेच दिसली. "इथे सात मिनिटं नाहीत. ती कुठे गेली?"

"साहेब, फोन गरम होऊन बंद पडला. तवा चहा झाला. बिलकुल काई झालं न्हाई."

नगराध्यक्ष हसत म्हणाले, "साहेब, हे लग्नाची शूटिंग करतात. माझ्या लग्नात मी घोड्यावरून पडलो, तेवढं यांनी गायब केलं. इचारा त्यांना, केलं का न्हाई?"

मामूंना खोटं बोलता येत नव्हतं. "केलं," ते म्हणाले. "पण ते लग्न होतं."

खोलीतले दोघेतिघे हसले. अधिकारी माझ्याकडे वळले. "इतिवृत्त तुम्ही लिहिता? हा विषय सभेत झाला होता का?"

मी पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "हो साहेब. झाला होता."

बाहेर आले तेव्हा आमच्या साहेबांची गाडी निघून गेली होती. मला त्यात जागा होती, पण मी मुद्दाम मागे राहिले होते. स्टँडवर जाफराबादच्या गाडीपाशी मामू उभे. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी खिडकीच्या सीटवर टाकलेला रुमाल उचलला. "बसा ताई. इकडं ऊन येत न्हाई." अर्धी वाट सरली. मग मीच म्हणाले, "मामू, मी..."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुम्हाला तिथं रोज बसायचं हाय. मला महिन्यातून एकदा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी पुष्कळदा ते वाक्य आठवून त्यात टोमणा शोधला आहे.

तक्रार निकाली निघाली. इतिवृत्त हीच अधिकृत नोंद, चित्रीकरण अपूर्ण. गावात त्याचा अर्थ एकच झाला, मामूने व्हिडिओ कापला. कोणी म्हणे विरोधकांच्या सांगण्यावरून, कोणी म्हणे म्हातारपणी नावासाठी. ज्या बायकांनी फोनभोवती घोळका केला होता, त्याही कुजबुजू लागल्या की काहीतरी असल्याशिवाय वरचे साहेब असं म्हणतील का. हॉटेलात कोणीतरी त्यांना 'कटिंगमामू' म्हणालं आणि तेच नाव पडलं. लहान पोरंही म्हणायची. मामू आता बाजारात कोणाच्या लग्नाची आठवण काढेनासे झाले.

सभेला मात्र ते येत राहिले. तोच स्टँड, तीच तारीख सांगायची रीत. आता दोन मोबाइल आणायचे, एक बंद पडला तर दुसरा. आकडा घसरत गेला. चार, तीन, दोन. दोघांतली एक नसीम आणि एक मी, टेबलाखाली फोन धरून. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग चित्रीकरण बंद करण्याचं पत्र निघालं. सभागृहाची शिस्त वगैरे कारण. टाइप मीच केलं आणि खिडकीवर त्यांच्या हातात मीच दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, पोचेवर सही केली आणि विचारलं, "बघाया तरी येऊ शकतो ना?" त्यानंतर ते मागच्या बाकावर नुसते हात मांडीवर ठेवून बसायचे. उजवा खांदा तसाच खाली.

त्याच सुमाराला कोणीतरी ठरवून तक्रारी केल्या आणि मोबाइलवरचं त्यांचं पान बंद झालं. सगळ्या सभा गेल्या. कांताबाईंचं भाषण गेलं. मामू खिडकीवर येऊन म्हणाले, "ताई, लग्नाच्या कॅसेटी अजून हायेत माझ्याकडं, पण त्या बघायचं मशीन कुणाकडं न्हाई. हे बघायचं मशीन घरोघरी हाय, तर आता बघायलाच काई न्हाई." आणि हसले. तेवढं हसणं मी त्यांचं शेवटचं पाहिलं.

पुढे सदस्यांची मुदत संपली. निवडणुका लागल्या नाहीत, प्रशासक आले. सभाच संपल्या. सभागृहात कचऱ्याचे नवे डबे रचून ठेवले. सभेच्या ठरलेल्या दिवशी मामू आले, कुलूप बघून माझ्याकडे वळले.

"मंग ठराव कोण करतं आता?"

"प्रशासक साहेब."

"आन् मंजूर?"

"तेच करतात, मामू."

मामूंनी कुलूप हाताने हलवून पाहिलं. "मंग विरोध बी तेच करत असतील," म्हणाले आणि पायऱ्या उतरले. पुढच्या महिन्यात आले नाहीत.

टाकी बायपासपलीकडे उभी राहिली. तिकडच्या प्लॉटांवर बंगले झाले, त्यांना रोज पाणी येतं. बागवान गल्लीत आणि माळी गल्लीत टँकर येतो. कांताबाई हंडा घेऊन रांगेत असतात. एकदा मला बघून ओळखीचं हसल्या आणि लगेच दुसरीकडे बघायला लागल्या. माझी बदली झाली नाही. साहेबांचीच झाली. मुलगी बारावी होऊन गेली.

गेल्या हिवाळ्यात मामूंच्या छातीत दुखायला लागलं. जालन्याला नेता नेता वाटेतच गेले. मातीला गल्लीतले लोक होते, बाहेरचे थोडे. मी कार्यालयातून निघून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथूनच परत आले.

पंधरा दिवसांनी नसीम खिडकीवर आली, मृत्यूचा दाखला न्यायला. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. वडिलांसारखीच उंच. मी संगणकावर नोंद उघडली, दाखला छापायला दिला. यंत्र सुरू असताना ती खिडकीच्या गजांपाशी वाकली. मागे रांगेत चारपाच माणसं होती.

"ताई, एक इचारू? अब्बा जाईपर्यंत म्हणत होते, मी कापलं न्हाई. माझा आख्खा ससुराल हसतो त्यांच्यावर. माझा लेकसुद्धा शाळेतून ऐकून येतो. तुम्ही तर त्या दिवशी तिथं होत्या. कापलं होतं का त्यांनी?"

यंत्राचा आवाज थांबला. मी मागे केबिनच्या काचेकडे पाहिलं. मग पुढे वाकून, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "नाही. फोन बंद पडला होता. चहा झाला. दुसरं काही झालं नाही."

तिचे डोळे भरून आले. ती गजातून माझा हात धरायला गेली. मग म्हणाली, "एवढंच लिहून देता का? एका कागदावर. तुमच्या अक्षरात. मी फक्त घरात दाखवीन."

समोर कोरे कागद होते. हातात पेन होतं. मी म्हणाले, "तसा नमुना नसतो आपल्याकडे."

नसीमने हात मागे घेतला. रांगेतला कोणीतरी म्हणाला, "जल्दी करा ना बाई." मी दाखला शिक्का मारून तिच्यापुढे सरकवला. तिने डोळे पुसले आणि तो उजेडाकडे धरून शांतपणे वाचला. नाव, वय, बापाचं नाव, तारीख.

"बराबर हाय सगळं," ती म्हणाली, आणि घडी न करता तो कागद हातात धरून गेली.